आधी घर, मग चौक

कर्तव्यावर असताना पोलीस मारला गेला की तालुक्याच्या गावात दोन गोष्टी लगेच होतात. चौकात फ्लेक्स लागतो आणि पुतळ्याची मागणी पुढे येते. मग तेरवी होते, गाड्यांची वर्दळ थांबते आणि त्या घरात आता काय चालले आहे हे विचारणारे मोजकेच लोक उरतात. गावाची इच्छा खोटी नसते. सुरुवात कुठून करायची, हे मात्र कोणी सांगितलेले नसते.

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट या पट्ट्यातली कितीतरी मुले-मुली पहाटे रस्त्यावर धावतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, मग गोळाफेक आणि लेखी परीक्षा. खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू घरांसाठी पोलीस भरती हा नोकरीचा मोठा आधार आहे. म्हणून कर्तव्यावरचा मृत्यू इथे केवळ टीव्हीवरची बातमी राहत नाही. ग्रामपंचायत, नगरपरिषद, शाळा, मंडळ आणि शेजारी यांनी अशा वेळी काय करावे आणि काय टाळावे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

यादीत कोण येतात?

२१ ऑक्टोबर हा देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे उपअधीक्षक करमसिंग यांच्या नेतृत्वाखालील पोलीस तुकडीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. त्यांचे मृतदेह १३ नोव्हेंबरला परत मिळाले. आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून चालू वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर प्राण गेलेल्या देशभरातील पोलिसांची नावे या दिवशी संचलनात वाचली जातात. दिल्लीतील चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी उद्घाटन झाले, तेव्हा तिथल्या भिंतीवर ३४,८४४ नावे होती.

या यादीत राज्य पोलीस येतात, तसे केंद्रीय राखीव पोलीस दलासारख्या केंद्रीय दलांचे जवानही येतात. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाच्या हल्ल्यात या दलाचे चाळीस जवान गेले. त्यांतले दोघे आपल्या वऱ्हाडातले होते: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड.

पोलिसाचा मृत्यू नेहमी गोळीनेच होतो असे नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईच्या खार भागात वाहतूक हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट न घातलेल्या अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवले. त्यांच्या डोक्यावर वार झाला आणि आठ दिवसांनी ते गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती. नागभीडचे उपनिरीक्षक छत्रपती चिडे दारूची तस्करी करणारी गाडी अडवायला गेले आणि तिच्याखाली चिरडले गेले. करोनाच्या काळात बंदोबस्तावर असताना संसर्ग होऊन राज्यातले शेकडो पोलीस दगावले. गावाने यादी करताना ‘हा चकमकीत गेला, तो अपघातात गेला’ अशी प्रतवारी लावू नये.

आणखी एक माणूस हमखास सुटतो. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे पंधरा पोलीस ठार झाले. त्यांची गाडी खासगी होती आणि तिचा चालकही त्यांच्याबरोबर गेला. तो पोलीस नव्हता, पण पोलिसांच्याच कामावर होता. होमगार्ड, पोलीस पाटील, भाड्याच्या गाडीचा चालक यांपैकी कोणी असे गेले असेल, तर गावाच्या फलकावर त्यांचेही नाव असले पाहिजे. सरकारी यादीचे नियम वेगळे असतील, गावाच्या यादीला ते बांधील नाहीत.

पहिले तीन दिवस

बातमी आधी घरच्यांना कळली पाहिजे. ठाण्यातून कोणी अधिकारी घरी जाऊन सांगेपर्यंत गावातल्या कोणीही नाव, फोटो किंवा घटनास्थळाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकू नये. बायकोला नवऱ्याचा मृत्यू एखाद्या ग्रुपवरून कळावा, यापेक्षा वाईट काही नाही. आलेला फोटो पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्याला फोन करून तो काढायला लावा.

घरच्यांच्या संमतीने एकच माणूस निरोप्या म्हणून ठरवा. ठाणेदार, तहसीलदार, पत्रकार, नातेवाईक या सगळ्यांशी त्यानेच बोलावे. हा माणूस शक्यतो नात्यातला नसावा, पण घरात ऊठबस असलेला असावा. दुसऱ्या एकाकडे पाणी, मंडप आणि वाहने लावायची जागा द्या. तिसऱ्याने घरातल्या लहान मुलांकडे आणि म्हाताऱ्यांच्या औषधांकडे पाहावे. त्या गर्दीत सहा वर्षांच्या मुलाने सकाळपासून काही खाल्लेले नाही, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

शासकीय इतमामात अंत्यसंस्कार ठरले, तर मानवंदनेची सगळी व्यवस्था पोलीस दल करते. गावाने जागा मोकळी, सपाट आणि स्वच्छ करून द्यावी. राष्ट्रध्वजाबाबत ध्वजसंहितेचा नियम स्पष्ट आहे. केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो आणि अग्नी देण्यापूर्वी ध्वज काढून घेतात; तो चितेत जळता कामा नये. शासकीय इतमामाचा निर्णय नसेल, तर उत्साहाच्या भरात स्वतःहून पार्थिवावर तिरंगा पांघरू नका. कायद्याने तो ध्वजाचा अवमान ठरतो.

स्मशानात भाषणे दोनच ठेवा. फैरी झडताना लहान मुलांचे कान झाकायला जवळ कोणी असू द्या. सेल्फी काढणाऱ्याला अडवण्याचे काम चार तरुणांना आधीच सांगून ठेवा.

कागदांची फाईल

तेरवी झाली की घरात कागदांचे काम सुरू होते आणि नेमके तेव्हाच सगळे पांगलेले असतात. सन्मानाचे सर्वांत उपयोगी काम इथेच आहे. गावात एखादे निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक किंवा बँकेतले कर्मचारी असतातच. त्यांनी एक फाईल घरी नेऊन द्यावी आणि तीत हे कागद लावावेत:

• मृत्यूचा दाखला, निदान दहा प्रती
• प्राथमिक माहिती अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती
• सेवापुस्तकाच्या महत्त्वाच्या पानांच्या प्रती आणि त्यातील नामनिर्देशन
• शेवटची वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधी किंवा राष्ट्रीय पेन्शन योजनेचा क्रमांक
• वारसांची आधार, पॅन आणि बँक पासबुके
• विम्याची कागदपत्रे आणि पोलीस पतसंस्थेच्या कर्जाचा तपशील

सुरुवातीलाच नावांचे स्पेलिंग तपासा. आधारवर एक, सेवापुस्तकात दुसरे आणि लग्नानंतरचे नाव तिसरेच, एवढ्यावरूनही प्रकरणे महिनोन्महिने अडतात. पगाराचे खाते ज्या बँकेत आहे तिथे वेतन खात्याशी जोडलेल्या अपघात विम्याबद्दल विचारा. अशा विम्याच्या दाव्याला मुदत असते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

सानुग्रह अनुदान, कुटुंब निवृत्तिवेतन आणि अनुकंपा नियुक्ती यांच्या रकमा व अटी शासन निर्णयांप्रमाणे बदलत राहतात. नक्षलवादी किंवा दहशतवादी हल्ल्यातील मृत्यू आणि इतर मृत्यू यांच्या तरतुदीही वेगवेगळ्या असतात. म्हणून कोणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका. पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून सध्या लागू असलेल्या निर्णयाची प्रत मागून घ्या. अनुकंपेचा अर्ज ठरलेल्या मुदतीतच करावा लागतो. मुले लहान असतील, तर ती सज्ञान झाल्यावरच्या अर्जाचे नियमही तेव्हाच विचारून ठेवा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि ती त्याच फाईलमध्ये लावा. जवान केंद्रीय दलातला असेल, तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ‘भारत के वीर’ या व्यवस्थेतून लोकांना थेट कुटुंबाला मदत करता येते. चौकात डबा फिरवण्यापेक्षा हा मार्ग चांगला.

पैसा आला की कधी कधी सासू-सुनेत किंवा भावाभावांत ताण येतो. गावाने त्यात बाजू घेऊ नये. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत सल्ला मिळतो, तिथे दोन्ही बाजूंना घेऊन जा. बायको तरुण असेल, तर तिच्या पुढच्या आयुष्याबद्दल पारावर चर्चा करू नका.

शेती असेल तर पहिला खरीप फार अवघड जातो. वखरणी, बियाणे, पेरणी आणि पुढे तुरीची सवंगणी ही कामे चार शेजाऱ्यांनी आळीपाळीने वाटून घेतली, तर त्या घराला त्याची किंमत कळते. हा सन्मान फोटोत येत नाही, तरी चौकाला नाव देण्याच्या आधी त्याचा नंबर लागतो.

नोंद बिनचूक ठेवा

वर्षभरातच आठवणी बदलू लागतात. हुद्दा वाढतो, घटना रंगते आणि तारीख चुकते. म्हणून पहिल्या महिन्यातच एका पानाची नोंद तयार करा. तीत पूर्ण नाव, बक्कल नंबर, हुद्दा, ठाणे किंवा तुकडी, भरतीचे वर्ष, प्रशिक्षण कुठे झाले, घटनेची तारीख, वेळ, ठिकाण आणि त्या वेळी नेमके कोणते काम चालू होते, एवढे तरी यावे. जन्मतारीख शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून घ्या. सोबत असलेल्या सहकाऱ्यांशी बोला, पण प्रकरण न्यायालयात असेल तर साक्षीदारांची नावे आणि तपासाचा तपशील कुठेही छापू नका. आरोपीच्या जाती-धर्माचा उल्लेख करून गेलेल्या पोलिसाच्या नावावर गावात तेढ निर्माण करू नका.

साधा तपशीलच माणसाला उभे करतो. सातारा जिल्ह्यातील केडंब्याचे तुकाराम ओंबळे २००८ च्या नोव्हेंबरात, मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा, गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर होते. हातात फक्त लाठी होती. हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही सोडली नाही, म्हणून तो जिवंत पकडला गेला. एवढे लिहिले की पुरे. त्यापुढे विशेषणे लावण्याची गरज पडत नाही.

वस्तूही जपा. टोपी, शिट्टी, पट्टा, खिशातली डायरी, हजेरीच्या चिठ्ठ्या या सगळ्यांची यादी करून त्या घरच्यांच्या ताब्यात ठेवा. मुंबईच्या त्याच हल्ल्यात पोलीस अधिकारी हेमंत करकरे आणि अशोक कामटे मारले गेले. करकरे यांचे बुलेटप्रूफ जॅकेट गेले कुठे, हे विचारण्यासाठी त्यांच्या पत्नी कविता करकरे यांना माहिती अधिकार वापरावा लागला. कामटे यांच्या शेवटच्या काही तासांत नेमके काय झाले, ते त्यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी नियंत्रण कक्षाच्या नोंदी माहिती अधिकारात मिळवून मांडले आणि त्यावर पुस्तक लिहिले. म्हणून घरच्यांनी प्रश्न विचारले, तर ‘आता कशाला?’ असे म्हणू नका. खरे काय घडले हे कळणे हा त्यांचा हक्क आहे आणि पुढच्या पोलिसाचा जीवही त्यानेच वाचू शकतो.

२१ ऑक्टोबरचा कार्यक्रम

जिल्ह्याचे संचलन पोलीस मुख्यालयात होते. दर्यापूर, येवदा, खल्लार अशा ठाण्यांच्या हद्दीत गावाने आपला छोटा कार्यक्रम ठेवावा. त्याला पाऊण तास पुरेसा आहे. ठाणेदारांना पंधरा दिवस आधी पत्र द्या, म्हणजे बंदोबस्तातून एखादा कर्मचारी मोकळा करता येतो.

क्रम साधा ठेवा. आधी जागेची झाडलोट, मग तालुक्यातील दिवंगत पोलिसांची नावे, हुद्दे आणि तारखा वाचणे, त्यानंतर दोन मिनिटे मौन, एका सहकाऱ्याची पाच मिनिटांची आठवण, एका विद्यार्थ्याने केलेले एका पानाच्या नोंदीचे वाचन आणि शेवटी राष्ट्रगीत. हारतुरे, सत्कार आणि पाहुण्यांचा परिचय यांना यात जागा नाही.

मौन कसे पाळावे हे वऱ्हाडाला शिकवायला नको. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंज मोझरीला ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट जनसमुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. तीच शिस्त गावातल्या शंभर लोकांनाही जमेल. मोबाईल बंद करा आणि ध्वनिक्षेपकही बंद ठेवा.

घरच्यांना बोलवायला स्वतः जा. पत्रिका पाठवून मोकळे होऊ नका. व्यासपीठावर बसायचे की नाही, बोलायचे की नाही, हे त्यांना विचारा. यायची इच्छा नसेल तर आग्रह करू नका. आणि एक गोष्ट जाहीरपणे ठरवा: ज्या बाईला मंचावर वीरपत्नी म्हणायचे, तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, लग्नाच्या हळदीला आणि ओटी भरण्यालाही बोलवायचे. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. हा ठराव ग्रामसभेत घेतला, तर कोणत्याही मानपत्रापेक्षा तो मोठा.

स्मारक करायचेच असेल तर

पुतळ्याचा विचार सर्वांत शेवटी करा. पुतळा उभारायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर नवे पुतळे उभारू देऊ नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे. परवानगी न घेता रात्रीतून पुतळा बसवला की तो झाकला जातो, बंदोबस्त लागतो आणि ज्याचा सन्मान करायचा त्याच्याच सहकाऱ्यांना तिथे रात्रभर उभे राहावे लागते. वेळेचाही विचार करा. ओंबळे यांना २००९ मध्ये अशोक चक्र मिळाले, ठाणे परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला ‘इसियस तुकारामी’ असे त्यांचे नावही मिळाले. त्यांच्या गावातील स्मारकासाठी राज्याने साडेतेरा कोटींच्या आसपास निधी मंजूर केला, तो मात्र २०२५ मध्ये.

रस्त्याला किंवा चौकाला नाव देणे हे नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावाने होते. आधी कुटुंबाची लेखी संमती घ्या. जुने नाव काढून नवे देऊ नका, त्यातून भांडणे होतात. फलक दगडी असावा आणि त्यावर कोणत्याही पुढाऱ्याचे नाव नसावे. मजकुराचा नमुना असा:

‘पोलीस हवालदार … (बक्कल नंबर …), … पोलीस ठाणे. जन्म …, गाव …. दिनांक … रोजी … येथे … हे कर्तव्य बजावत असताना प्राण गेले. … ग्रामस्थ.’

आपल्या भागाला दोन चांगल्या वाटा माहीत आहेत. पहिली म्हणजे गावानेच नाव धारण करणे. १९४२ च्या आंदोलनातील बलिदानाची आठवण म्हणून आष्टी आणि बेनोडा ही गावे आजही नावापुढे ‘शहीद’ लावतात. ती माणसे इंग्रजांच्या पोलिसांविरुद्ध उभी राहिली होती. आज त्याच परिसरातली मुले स्वतंत्र देशाच्या पोलीस दलात जातात. शाळेत या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या, तर वर्दी कोणासाठी असते हे मुलांना नीट कळेल.

दुसरी वाट गाडगेबाबांची. त्यांचे जन्मगाव शेंडगाव आपल्याच पट्ट्यात आहे. बाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या, वारकऱ्यांसाठी आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही. स्मारक वापरात राहावे, हा धडा त्यातून घ्यावा. भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी चारशे मीटरची मातीची धावपट्टी, गोळाफेकीचे वर्तुळ, बाजूला पाण्याची टाकी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह हे काम पुतळ्याच्या खर्चात सहज होते. खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची सोय ही तर मोठीच गोष्ट. खोली उपलब्ध असेल तर अभ्यासिका काढा. दाराशी तोच साधा फलक लावा. मात्र काम सुरू करण्यापूर्वी वीजबिल, झाडलोट आणि किल्ली यांची जबाबदारी कोणाकडे, ते ठरावातच लिहा. हे न लिहिलेल्या अभ्यासिका दोन वर्षांत कुलूपबंद होतात.

पुढची वर्षे

पाच जणांची समिती करा आणि पाच वर्षांचे काम आजच वाटून टाका. एकाने मुलांच्या शाळेकडे व फीकडे लक्ष द्यावे, एकाने प्रलंबित अर्जांकडे, एकाने न्यायालयातील तारखांकडे, एकाने फलक आणि धावपट्टीकडे. पाचव्याने दर महिन्याला घरी एक चक्कर मारावी आणि चहा घेऊन यावे. कर्तव्यावर जायबंदी होऊन घरी बसलेले पोलीसही याच समितीने विसरू नयेत. मेलेल्याचा सत्कार आणि जखमीकडे पाठ, हे बरे दिसत नाही.

विलास शिंदे यांचा जीव एका हेल्मेटच्या वादात गेला. म्हणून अकोला रस्त्यावर किंवा बनोशाच्या चौकात पोलिसाने गाडी थांबवली, की ‘साहेबांना फोन लावू का?’ म्हणू नका. कागद दाखवा आणि पुढे जा. ही श्रद्धांजली रोज वाहता येते.

आता लगेच करण्याजोगे एकच काम सांगतो. या आठवड्यात आपल्या ठाण्यात जा आणि आपल्या हद्दीतल्या कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची यादी आहे का, ते ठाणेदारांना विचारा. नसेल तर ती करायला मदत करा. यादी हातात आली की त्यातल्या पहिल्या घरी जा, आणि जाताना शाल-नारळ नेण्याआधी ती फाईल न्या.